धुतलेली टाकी

३ नोव्हेंबर

वहिनी,

नमस्कार. सात वर्षांत तुम्ही माझा एकही फोन उचलला नाहीत, म्हणून हे पत्र. न वाचता चुलीत घालायचं असेल तर निदान पहिल्या चार ओळी वाचून घाला.

काल आईशी बोलणं झालं. शेजारच्या नर्सबाईंच्या फोनवरून ती दर शनिवारी माझ्याशी बोलते. हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि ठाऊक नसल्यासारखं तुम्ही दाखवता, हे मला ठाऊक आहे. तिने सांगितलं की अंगणात टेम्पोतून एक मोठी लोखंडी टाकी येऊन पडली आहे आणि सुनेने तिच्यावर खडूने रेघा मारायला घेतल्या आहेत. लाकडावरचा हीटर करणार म्हणे. जाळ अंगणात, ऊब घरात.

दादाने हेच करायला घेतलं होतं. त्याच अंगणात. आई हे सांगताना हसत होती. मला मात्र पुढचं काही ऐकू आलं नाही.

मी वीस वर्षं गॅरेजमध्ये पत्रा कापतोय, जोडतोय. टाकी म्हणजे काय चीज असते ते मला विचारा. तुम्ही कपडे शिवता, तेच शिवा. ती टाकी आहे तिथे राहू द्या, कुणालाही हात लावू देऊ नका. थंडीचाच प्रश्न असेल तर मी विजेवरचे दोन हीटर पाठवतो. तेही नको असेल तर हिवाळाभर आईला मी इकडे घेऊन येतो. ती माझीही आई आहे.

उत्तर द्या. नाही दिलंत तर मी स्वतः येईन, आणि माझं येणं तुम्हाला आवडणार नाही.

तुमचा दीर


११ नोव्हेंबर

भावोजी,

पत्र पोचलं. जाळलं नाही, कारण तुमचं अक्षर इतकं गिचमिड आहे की ते लावण्यातच दोन दिवस गेले, आणि तोवर राग जरा निवला. फार नाही.

विजेचे हीटर पाठवू नका. इथे वीज येते कधी आणि जाते कधी याचा पत्ता नसतो. मी अर्धा दिवस मशीन पायाने चालवते. पाठीमागच्या खोलीत शाळेचे दीडशे गणवेश कापून पडलेत. सकाळी बोटं इतकी आखडलेली असतात की काजं करताना सुई बोटात शिरली हे कापडावर रक्त दिसल्यावर कळतं. आईंना दहा वाजेपर्यंत अंथरुणातून उठवत नाही. त्यांना तिकडे नेतो म्हणता, पण तुमच्या दोन खोल्या गॅरेजच्या माळ्यावर आणि खाली दिवसभर धूर. तिसऱ्या दिवशी परत आणून सोडाल. सात हिवाळे त्यांचे पाय मी चोळलेत. तुमची शनिवारची दहा मिनिटं तुम्हालाच लखलाभ.

आता टाकीबद्दल. ही टाकी बंद पडलेल्या लाँड्रीतली आहे, गरम पाण्याची. तिच्या पोटात जन्मभर पाण्याशिवाय दुसरं काही गेलेलं नाही. तरी मी आत डोकं घालून हुंगून पाहिलं, लाँड्रीच्या म्हाताऱ्या मालकाला समोर उभं करून तीनदा विचारलं. हे मी शिकले. कुणामुळे शिकले ते सांगायला हवं का?

मागची टाकी तुम्ही आणली होती. मालट्रकची, डिझेलची. गॅरेजच्या मागे पडली होती म्हणून दादासाठी घेऊन आलात, अंगणात उतरवलीत आणि लगेचच्या बसने परत गेलात. चार दिवसांनी यांनी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, ‘आतून धुतलीय, बिनधास्त काप.’ यांनी तसंच केलं. गॅसकटरची ज्योत लागली आणि टाकीचा अर्धा पत्रा शेजारच्या छपरावर जाऊन पडला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात यांनी प्राण सोडला. तुम्ही आलात, आईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलात, आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत. ज्याने काही केलेलं नसतं तो माणूस समोरच्याकडे बघतो.

टाकीबद्दल मला शहाणपण शिकवणारे पुष्कळ मिळतील. तुम्ही त्या रांगेत उभे राहू नका.


१९ नोव्हेंबर

वहिनी,

सात वर्षं मनात शिजवलेलं एकदाचं ओकलात, बरं झालं. आता माझंही ऐका.

‘धुतलीय’ असं मी म्हणालो नव्हतो. मी म्हणालो होतो, ‘रिकामी आहे, दोन वर्षं पडून आहे.’ रिकामी आणि धुतलेली यांत फरक असतो, आणि दादाला तो कळायला हवा होता. फोनवर मी होतो आणि तो होता, तुम्ही नव्हता. तुम्ही मशीनवर होता. मागे मशीनचा आवाज येत होता, एवढं मला स्वच्छ आठवतंय.

आणि दादाला घाई कुणाची होती? त्याची स्वतःची नक्की नव्हती. तो माणूस एक खुर्ची रंगवायला महिना लावायचा. खोली कधी गरम होणार, माझे गणवेश कधी पुरे होणार, हा धोशा कुणी लावला होता? मी आईकडून ऐकलं नसतं तर लिहिलं नसतं.

हे झालं माझं. आता तुमचं. लाँड्रीची टाकी असेल तर कापायला धोका नाही, मानतो. पण कापणं ही पहिली पायरी. तुम्ही मध्ये जाळ आणि भोवती पाणी असा हीटर करताय ना? मग त्या पाण्याच्या जागेवर, सगळ्यात उंच ठिकाणी, आकाशाकडे उघडी नळी हवी. तिच्यावर झाकण नको, कॉक नको, काही नको. पाणी उकळलं की वाफेला बाहेर पडायला वाट लागते. वाट नाही मिळाली तर ती स्वतः करून घेते. ती कशी करते ते तुम्ही पाहिलेलं आहे.

कोण करतंय हे काम? आई ग्रिलवाला म्हणाली. खिडक्यांच्या जाळ्या करणारा माणूस उद्या तुम्हाला विमानही बांधून देईल.


२७ नोव्हेंबर

भावोजी,

आईंना विचारलं. घाई केल्याचं त्या म्हणाल्याच नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, ‘सुनेची बोटं गारठायची म्हणून त्याला वाईट वाटायचं.’ त्यातून तुम्ही घाई काढलीत. माझ्या नवऱ्याला मी मारलं, असंच लिहायचं होतं तर सरळ लिहायचं. तुमच्यात तेवढीही धमक नाही.

यांना मी घाई केली नाही. हे एकदाच लिहिते, परत लिहिणार नाही.

ग्रिलवाल्याची काळजी करू नका. त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. लाँड्रीच्या टाकीला समोरून दार कापलं, आत जाड पाइपाचा मोठा तुकडा आडवा बसवला, त्यात लाकडं जळणार. पाइप आणि टाकी यांच्यामध्ये पाणी. मागून धुराडं काढलंय, छपरापेक्षा दीड हात उंच. विटांचा चौथरा मी रचला. टाकीभोवती चिखल आणि भुशाचा लेप मी दिला, चार बोटं जाड. नळ्यांना पोती गुंडाळून त्या जमिनीखालून घरात नेल्यात. पाणी फिरवायला छोटा पंप आहे. आईंच्या खोलीत आणि माझ्या शिवणाच्या खोलीत भिंतीलगत नळ्यांची एकेक जाळी आहे. पंधरा दिवस गणवेश कापायचे सोडून मी चिखल तुडवतेय, माझ्या हातांकडे बघून शाळेच्या बाई घाबरल्या.

तुमच्या त्या आकाशाकडच्या नळीबद्दल त्याला विचारलं. तो हसला. नळी उघडी ठेवली तर पाणी उडून जाणार, दर दोन दिवसांनी बादल्या भरून ओतत बसायचं आणि ऊबही वाया. त्याने नळी काढलीय आणि तिच्यावर पितळी कॉक बसवलाय. लागेल तेव्हा उघडायचा, एरवी बंद. मला पटलं.

शिवाय नळी उघडी ठेवा असं तुम्ही सांगितलंत, एवढं कारण मला ती बंद ठेवायला पुरेसं आहे.


६ डिसेंबर

भावोजी,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. तुम्हीच आलात.

मी शाळेत गणवेश पोचवायला गेले तेवढा वेळ साधून आलात. कुठल्या बसने आलात, कोपऱ्यावरच्या दुकानात किती वेळ उभे राहून मी बाहेर पडायची वाट पाहिलीत, सगळं कळलं मला. आईंनी दार उघडलं. त्यांच्याजवळ बसून चहा घेतलात, त्यांना अंगणातल्या उन्हात खुर्ची दिलीत आणि त्यांच्यासमोर करवतीने माझी नळी कापून कॉक घेऊन गेलात. चोर निदान म्हातारीशी गप्पा मारत बसत नाहीत.

मी आले तेव्हा टाकीवर लोखंडाचा भुसा पडला होता आणि आई खुर्चीत बसून होत्या. मी विचारलं, हे काय झालं? त्या म्हणाल्या, ‘तो म्हणाला, आता बरं आहे.’ मग रडायला लागल्या. तुम्ही एवढं करून गेलात म्हणून नव्हे, तुम्ही मला न भेटता गेलात म्हणून.

हे माझं घर आहे. दादा गेले तेव्हा तुम्ही या घराची एक वीटही सांभाळली नाहीत. छप्पर मी शाकारलं. तुमच्या आईला मी सांभाळलं. आता हात काळे करून मी एक वस्तू उभी केली तर तुम्ही करवत घेऊन येता. तुम्हाला या घरात उभं राहिलेलं काही बघवत नाही का?

बुधवारी ग्रिलवाला दुसरा कॉक बसवतोय. गुरुवारी सकाळी पहिला जाळ. आता आलात तर मी घरीच असेन, आणि दार आई उघडणार नाहीत.


१० डिसेंबर

वहिनी,

हे पोस्टात टाकलेलं नाही. उद्या पहाटेच्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात देतोय. गुरुवारच्या आत तुम्हाला मिळालं पाहिजे. मी स्वतः आलो असतो, पण तुम्ही दार उघडणार नाही आणि मी कुंपणावरून उडी मारली की तुम्ही ऐकण्याऐवजी ओरडाल. कागदावर ओरडता येत नाही.

तो कॉक बसवू नका. का, ते मी मागे लिहिलं, आणि तुम्ही मानलं नाहीत. का मानत नाही तेही मला कळतं. मी सांगितलेलं तुम्ही कशाला मानाल? तर ज्या कारणाने मानत नाही तेच आज लिहून देतो.

मी ‘धुतलीय’ असंच म्हणालो होतो.

दादाने विचारलं, ‘आतून धुवून घेतलीस ना रे?’ त्या दिवशी गॅरेजमध्ये चार गाड्या उभ्या होत्या, मालक डोक्यावर होता, मी एका गाडीखाली आडवा होतो आणि फोन खांद्यात धरला होता. टाकी धुवायची तर गरम पाणी आणि सोडा घालून दोनदा घुसळावी लागते. नंतर कापताना कापायच्या रेषेपर्यंत पाणी भरून ठेवावं लागतं. टाकी रिकामी असली तरी डिझेलचा पातळ थर आतल्या पत्र्याला धरून बसतो, ज्योत लागली की त्याची वाफ होते. हे सगळं मला येतं. मी शिकाऊ मुलांना शिकवतो. टाकी आणायच्या आदल्या दिवशी धुवायची ठरवली होती, राहून गेलं. तसं सांगायला लाज वाटली. ‘नाही धुतली, थांब, मी रविवारी येतो,’ एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी म्हणालो, ‘धुतलीय, बिनधास्त काप.’ आणि फोन ठेवून पाना शोधायला लागलो.

दवाखान्यात तुमच्याकडे पाहिलं नाही, ते याच्यासाठी. तुम्ही बरोबर ओळखलंत.

आईला हे माहीत नाही. तिला वाटतं तुम्ही दुःखाने माझ्यावर डूख धरून आहात. मी तसं वाटू दिलं. मागच्या पत्रात मी तुमच्यावर घाईचा आळ घेतला, तो मी सात वर्षं स्वतःला सांगत आलेलो आहे, रात्र काढायला बरा पडतो.

वहिनी, मी खोटं बोललो तेव्हा या घराने माझ्यावर विश्वास ठेवला. आता खरं सांगतोय. हे पत्र आईला वाचून दाखवा, गावभर दाखवा, चौकीत द्या, मी नाही म्हणणार नाही. पण आधी उठून ती नळी बघा. तिच्यावर काही असेल तर काढा.


२ जानेवारी

भावोजी,

हे आभाराचं पत्र नाही. तसं वाटलं तर पुन्हा पहिल्यापासून वाचा.

ड्रायव्हरने तुमचं पत्र बुधवारी दुपारी दिलं. मी ते उभ्याउभ्या वाचलं आणि मग पाणी प्यायला बसले ती अर्धा तास बसूनच राहिले. सात वर्षं मला हेच हवं होतं. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. ते ऐकल्यावर मी काय काय करीन, काय बोलेन, हे मी मशीनवर बसून हजार वेळा ठरवलेलं होतं. त्यातलं काहीही आठवेना.

मग अंगणात गेले. ग्रिलवाला कॉक बसवत होता. मी म्हटलं, काढा. तो म्हणाला, ‘बाई, पाणी उडून जाईल.’ मी म्हटलं, उडू दे, मी भरीन. तो म्हणाला, ‘उद्या माझ्याकडे तक्रार घेऊन येऊ नका.’ बराच वेळ कुरकुरला, पण काढला. नळी उघडी राहिली.

गुरुवारी सकाळी जाळ घातला. तासाभरात आईंच्या खोलीतल्या नळ्या कोमट झाल्या, दोन तासांत हात ठेववेना इतक्या तापल्या. आईंनी स्वेटर काढला. गेल्या चार वर्षांत थंडीत मी त्यांना स्वेटरशिवाय पाहिलेलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, मला बाहेर खुर्ची दे, मला तो जाळ बघायचाय. मी टाकीपासून सहा पावलांवर खुर्ची ठेवली.

साडेअकराला वीज गेली.

पंप थांबला, हे आमच्या लक्षातच आलं नाही. लाकडं नुकतीच भरली होती. जाळ धडधडत होता आणि पाणी फिरायचं बंद झालेलं. ग्रिलवाला टाकीला हात लावून आपली करामत मला समजावून सांगत होता, आणि टाकीच्या पोटात कुणीतरी आतून बुक्के मारल्यासारखा आवाज यायला लागला. एक, मग दुसरा, मग लागोपाठ. तो बोलता बोलता थांबला. वरच्या नळीतून उकळत्या पाण्याचा फवारा पुरुषभर उंच उडाला, तापलेल्या धुराड्यावर पडून चरचरला, आणि मग नुसती वाफ, शिट्टी मारत, पाच-सात मिनिटं. मी आईंना खुर्चीसकट मागे ओढलं. ग्रिलवाल्याने चिमट्याने जळती लाकडं बाहेर ओढून काढली, त्याचा हात पोळला. वाफ थांबल्यावर तो चौथऱ्यावर बसला. नळीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, ‘कॉक असता तर?’

आई म्हणाल्या, ‘केवढी वाफ ती, पण छान होती.’

आता एका वेळी एकच लाकूड ठेवते आणि वीज गेली की दार बंद करून हवा तोडते. दर दोन दिवसांनी दोन बादल्या पाणी ओतते. खोली गरम आहे, राहिलेले गणवेशही शाळेत पोचले. हे सगळं तुम्हाला कळवायची मला गरज नव्हती. आईंनी शनिवारी सांगितलंच असेल.

पत्र लिहायला तीन आठवडे लागले ते दुसऱ्या गोष्टीसाठी.

तुमच्या फोनच्या दिवशी हे आत आले. मी मशीनवर होते, तुम्हाला आवाज आला तो खरा. हे हात पुसत दारात उभे राहिले आणि म्हणाले, ‘तो म्हणतोय धुतलीय, पण वास येतोय गं. रविवारपर्यंत थांबू का? त्यालाच बोलावतो, तो बघेल.’ माझ्यापुढे साठ शर्टांची काजं पडली होती. बोटं काम करत नव्हती. मी मान वर न करता म्हटलं, ‘टाकी आहे ती, अत्तराची बाटली नाही. वास येणारच. आटपा आता.’

ते हसले. त्यांना माझे टोमणे आवडायचे. हसतच बाहेर गेले.

यांना मी घाई केली नाही, असं तुम्हाला लिहिलं होतं. ते खोटं होतं. कुणी विचारलं नाही म्हणून सात वर्षं सांगितलं नाही, आणि तुम्ही विचारलंत तर तुम्हाला धमक नाही म्हणाले. तुमच्यावर राग धरून ठेवणं मला फार सोयीचं होतं. राग आहे तोवर मला त्या दारात उभं राहावं लागत नव्हतं.

तुम्हाला मी माफ केलेलं नाही. करीन असंही वाटत नाही. तुम्ही मला करावं अशी अपेक्षाही नाही. त्या टाकीला आपण दोघांनी हात लावला होता, एवढंच आता मला दिसतंय.

पण आईंना अजून काहीच माहीत नाही. परवा खोलीतल्या कोमट नळ्यांना पाठ लावून बसल्या होत्या, म्हणाल्या, ‘एक लेक अपघातात गेला, दुसरा तुमच्या भांडणात गेला.’ त्यांना सांगितलं पाहिजे. तुमचं पत्र वाचून दाखवावं असं दोनदा मनात आलं, पण मग माझंही सांगावं लागेल, आणि एकटीच्या तोंडून ते निघत नाही. तुम्ही सांगाल तेव्हा मी शेजारी असेन. मी सांगेन तेव्हा तुम्ही असा.

रविवारी सकाळच्या बसने या. आधी तुमचं सांगा, मग मी माझं सांगते. त्यानंतर त्यांनी दोघांनाही घराबाहेर काढलं, तर अंगणात बसू. तिथे ऊब असते.